अकरा जणांची पेज

सौदीहून परतले तेव्हा सोसायटीतल्या बायका चहाला जमल्या. पहिला प्रश्न, तिकडे सोनं खरंच स्वस्त आहे का हो? दुसरा, बुरखा घालावा लागला का? सोन्याचं मला ठाऊक नाही, मी एकाही पेढीची पायरी चढले नाही. बुरख्याची आता तशी सक्ती राहिलेली नाही. तरी भाचीने हौसेने दिलेला काळा अबाया मी नेला, आणि पहिल्याच दिवशी कॅम्पच्या लोखंडी जिन्यात त्यात पाय अडकून सपशेल आपटले. हे ऐकून सगळ्या पोट धरून हसल्या. मी तिथे कशाला गेले होते ते मात्र एकीनेही विचारलं नाही. म्हणून लिहून काढते आहे.

मी डॉक्टर. हयात गेली जिल्हा आरोग्य खात्यात, साथरोग विभागात, आणि त्यातली चौदा वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात. गावात कावीळ नाहीतर हगवण निघाली की जीप काढायची, विहिरी बघायच्या, घरोघर फिरून आजाऱ्यांची यादी करायची आणि ती रोज पुढे न्यायची. आज नवे किती, बरे किती, गेले किती. निवृत्त झाल्यावर घरात जीव रमेना. तेवढ्यात मुंबईतल्या एका खासगी सल्लागार कंपनीचा फोन आला. हुफूफजवळ एका बांधकाम ठेकेदाराच्या कॅम्पात कावीळ निघाली आहे, कामगार बरेचसे कोकणातले, भाषा जाणणारा डॉक्टर हवा आहे. तीन आठवडे साथीवर लक्ष ठेवायचं, दर आठवड्याला अहवालावर सही करायची. मी फोनवरच हो म्हटलं. नवरा म्हणाला, अगं जरा विचार तरी कर. विचार करायचा माझा स्वभाव असता तर काय हवं होतं!

दमाम ते हुफूफ

विमानतळावर न्यायला इक्बालभाई आले होते. खेडच्या बाजूचे, पन्नाशीचे, कॅम्पची गाडी चालवायला लागून त्यांना बावीस वर्षं झाली होती. माझी बॅग उचलता उचलता त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"बाय, तुम्ही डॉक्टर? मला वाटला, कोण जाडजूड साहेब येणार."

"जाडजूड आहेच की. साहेब तेवढा नाही," मी म्हटलं, आणि आमचं जमलं.

रस्ता सरळसोट. दोन्ही बाजूंना वाळू, विजेचे मनोरे, लांबवर गॅसच्या ज्वाळा. दीड तास असं बघून डोळ्यांना शीण आला, आणि मग अचानक खजुराची झाडं सुरू झाली. झाडं म्हणजे किती, तर क्षितिजापर्यंत. तोडणीचा हंगाम होता. पिवळेतांबूस घोस लोंबत होते आणि पाटातून पाणी खळाळत होतं. भोवती समुद्राऐवजी वाळू, बाकी हे बेटच. इक्बालभाईंनी काच खाली केली. ओल्या मातीचा वास आला आणि त्याबरोबर भट्टीतून यावी तशी गरम हवा. "आपला कोकण कसा, तसा ह्यांचा अहसा," ते अभिमानाने म्हणाले. "फक्त नारळाच्या जागी खजूर."

कॅम्प या बेटाच्या बाहेर, पुन्हा वाळूत. पत्र्याच्या लांबलचक बराकी, खोलीत आठ पलंग, दारांबाहेर चपलांचे ढीग, आणि एसीची घरघर इतकी की आत बसलेल्याचं बाहेर ऐकू येऊ नये. पुरुषांचा कॅम्प. मी जिकडे जाईन तिकडे माणसं लुंग्या सावरत उभी राहायची. गेटवर पहाटे कामाला निघताना प्रत्येकाच्या कपाळाला यंत्र लावून ताप बघत. ताप निघाला की तो माणूस दवाखान्यात.

दवाखान्याच्या रजिस्टरात काविळीची नावं चार. चौघांपुढे एकच शब्द, खुरूज. म्हणजे कायमचा निरोप, तिथे राहण्याचा परवाना म्हणजे इकामा रद्द, माणूस घरी. त्यानंतर बारा दिवसांत नवा रुग्ण शून्य.

अभिजितशी फोनवर बोलणं झालं. हा ठेकेदार कंपनीचा मनुष्यबळ व्यवस्थापक, पुण्याचा, रियाधला राहणारा, पस्तिशीचा. आवाज गोड. "मॅडम, साथ ऑलमोस्ट संपलीच आहे. आमच्या क्लायंटला बाहेरच्या डॉक्टरचा रिपोर्ट लागतो, नाहीतर कॅम्प बंद करायला लावतील. तुम्ही फक्त तीन आठवडे लक्ष ठेवा."

साथ अशी शिस्तीत संपत असती तर आमचं खातं कधीच बंद पडलं असतं. मी पाण्याची टाकी बघायला गेले. जमिनीतली टाकी, आणि तिच्यापासून आठ पावलांवर संडासाचा खड्डा. मधली जमीन ओली. भर उन्हात, त्या वाळवंटात, ओली! मी फोटो काढले, टाकी तातडीने बंद करा असं लिहून पाठवलं. उत्तर आलं, अप्रूव्हलला टाकलं आहे.

मग दोन दिवस बराकी पालथ्या घातल्या. कोकणातली सत्तरेक माणसं, गुहागर, दापोली, लांजा, राजापूर. सगळे एका सुरात, "आम्ही मस्त, बाई." बसा म्हणाले, सरबत दिलं, गावाकडच्या गोष्टी काढल्या. पण डोळे बघू द्या म्हटलं की कुणाला अंघोळीला जायचं असे, कुणाला फोन यायचा. काहीजण खोलीतही कामावरचे काळे गॉगल लावून बसलेले. पोरांना फॅशनची हौस, असं मला वाटलं. चाळीस वर्षांचा अनुभव, आणि मला हौस वाटली!

हुफूफचा बाजार

तिसऱ्या दिवशी चिडून मी इक्बालभाईंना म्हटलं, मला जरा माणसांत न्या. त्यांनी जुन्या बाजारात नेलं. कमानींच्या खालून गल्ल्या, वेलचीचा, लोबानाचा आणि खजुराच्या काकवीचा वास. एका म्हाताऱ्या दुकानदाराने हाक मारून कॉफी दिली. त्यांची कॉफी पिवळसर, बिनदुधाची, बिनसाखरेची, वर वेलची मात्र सढळ. माणसं अगत्यशील. आमच्याकडे पाहुण्याला पाणी विचारतात, इथे पाहुण्याला विचारतच नाहीत, हातात कपच देतात.

पुढे एक बाई पोत्यापुढे बसली होती. चेहरा झाकलेला, डोळे तेवढे उघडे आणि ते डोळे चांगलेच मिश्कील. पोत्यात तांदूळ. मी मूठ भरून बघितली आणि ओरडलेच, "अहो, हा तर आपला लाल तांदूळ!" इथल्या मळ्यांत पिकतो, हसावी म्हणतात, आणि बासमतीपेक्षाही महाग. त्या बाई इक्बालभाईंशी अरबीत काहीतरी बोलल्या आणि खुदूखुदू हसायला लागल्या. इक्बालभाई मात्र हसले नाहीत. मान खाली घालून उभे राहिले.

"काय म्हणतात?"

"काय नाय, बाय. आपला असाच."

"इक्बालभाई, मी तुमच्या आईच्या वयाची नसले तरी थोरल्या बहिणीच्या आहे. काय म्हणाल्या?"

त्यांनी ओठ चावला. "म्हणते, हा तांदूळ आमच्यात बाळंतिणीला देतात, नायतर आजाऱ्याला. तुमच्या कॅम्पातली माणसं दोन आठवडे झाली, दर चार दिवसांनी येऊन नेतात. सगळे बाप्ये तुम्ही, मग तुमच्यात बाळंत कोण झाली?"

कोकणात काविळीचा माणूस काय खातो हे मला कुणी शिकवायला नको. तेल बंद, हळद बंद, मासे बंद. सकाळ-संध्याकाळ लाल तांदळाची पेज, मिठाचा खडा घालून, झालंच तर ताक. डॉक्टरने सांगो न सांगो, हे पथ्य पाळल्याशिवाय कावीळ उतरत नाही अशी श्रद्धा. गावांतून फिरताना मी कुणाला 'आजारी कोण' असं विचारत नसे. चुलीवरची भांडी बघत असे. इथे येऊन मी साहेबासारखी रजिस्टरं चाळत बसले होते.

कोकण मेस

कॅम्पात कंपनीचं जेवणघर आहे, पण कोकणातल्या माणसांनी आपली वेगळी मेस लावलेली. त्यांचा आचारी भिकाजी, लांज्याचा, सगळ्यांचा भिकूदादा. संध्याकाळी मी न सांगता त्याच्या स्वयंपाकघरात शिरले. मोठ्या पातेल्यात सुरमईचं कालवण रटरटत होतं. कोपऱ्यात लहान शेगडीवर झाकलेलं दुसरं पातेलं. मी झाकण काढलं. पेज.

"ही कुणाची, दादा?"

"माझीच. पोट बरा नाय."

"दहा शेर पोट आहे का तुमचं?"

भिकूदादाने पळी खाली ठेवली. कपाळावरचा घाम पुसला. मग फळीवरून वाट्या काढून ओळीने मांडल्या. मी मोजल्या. अकरा.

थोड्या वेळाने एकेक जण आला, मला बघून दारातच थबकला. मी म्हटलं, बसा, मलाही वाढा. आणि त्यांच्याबरोबर जमिनीवर बसून पेज प्यायले. चव अगदी घरची. शेवटी एकाने गॉगल काढला. डोळे हळदीसारखे पिवळे.

तो रमाकांत. गुहागर तालुक्यातला, चौतीस वर्षांचा, पाइप फिटर. बायकोशी रोज व्हिडिओवर बोलायचा तोही गॉगल लावूनच. ती विचारायची, हे काय हीरोसारखं, तर म्हणायचा, कंपनीचा रूल आहे.

"दवाखान्यात का नाही गेलात?" मी कडाडले.

"बाई, चौघे गेले ना. आता कुठे आहेत?" रमाकांत शांतपणे म्हणाला. "माझा भाऊस मुंबईला मेडिकलमध्ये कावीळ निघाली म्हणून अनफिट झाला. सगळं आखात बंद झालं त्याला, कायमचं. दोन भाऊ आम्ही. एक दार बंद झालंय. दुसरं मी कसं बंद करू?"

मी त्यांना समजावलं. भावाची कावीळ रक्तातली, ती वेगळी. ही पाण्याची, तीन-चार आठवड्यांत जाते, रक्तात राहत नाही, हिच्यासाठी अनफिट करत नाहीत. विश्रांती हवी, आणि तापाच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, त्या यकृतावर जातात. ते ऐकून घेत होते, पण कावीळ म्हटली की भीत होते, मग ती कुठलीही असो. भीतीला कुठे पाण्याची आणि रक्ताची कळते!

"नावं द्या मला," मी म्हटलं. "माझ्या वहीत राहतील. एकही नाव ऑफिसात जाणार नाही. शब्द देते."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग रमाकांतने सगळ्यात आधी नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, गावासकट, आणि त्याच्यामागून बाकीचे दहा. माझी मराठी ऐकून सांगितली त्यांनी. दुसऱ्या कुणाला सांगितली नसती.

मी शब्द पाळला बरं का. ऑफिसला कळवलं ते एवढंच की अकरा रुग्ण आहेत, टाकी बंद करा, यांना दोन आठवडे हलकं काम द्या. रक्ताचे नमुने स्वतः घेतले, नावांऐवजी आकडे घातले, आणि रियाधच्या प्रयोगशाळेत द्यायला गुरुवारी आगगाडीने निघाले. सुटल्यासारखं वाटत होतं. खिडकीतून वाळू बघत मी चक्क गुणगुणत होते.

रियाध, शुक्रवार

अभिजितने शुक्रवारी दुपारी जेवायला बोलावलं. शुक्रवार तिथला रविवार. बाविसाव्या मजल्यावर घर, देव्हारा, मंद उदबत्ती. बायकोने खपून पुरणपोळ्या केल्या होत्या, कटाची आमटी केली होती. सात वर्षांची मुलगी. मी मराठीत काहीही विचारलं की ती इंग्रजीत उत्तर द्यायची. आई म्हणायची, "अगं मराठीत सांग ना आजींना," आणि पोरगी लाजून हिंदीत सांगायची. मला फार बरं वाटलं. आठवडाभर पत्र्यात राहून आलेली मी, पुढ्यात साजूक तूप, माणसं आपली, भाषा आपली.

जेवण झाल्यावर पान लावताना अभिजित म्हणाला, "मॅडम, एक मानलं तुम्हाला. आमचे सेफ्टीवाले, नर्स, गेटवरची मशिनं, कुणाला एक पेशंट सापडला नाही. तुम्ही अकरा शोधलेत. कसे?"

आता गप्प बसायचं की नाही? पण उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी सांगितलं. रंगवून सांगितलं. तांदूळवाल्या बाईंची नक्कल केली, तुमच्यात बाळंत कोण झाली! अभिजितची बायको हसता हसता लोळायची बाकी राहिली. मग कोपऱ्यातलं पातेलं, पेज, ओळीने मांडलेल्या वाट्या. "नाव विचारावंच लागत नाही," मी म्हटलं. "चूल सांगते. पेजेची वाटी ज्याच्या हातात, तो माझा पेशंट."

"वा!" अभिजित म्हणाला. "हे तर आमच्या ट्रेनिंगमध्ये घ्यायला हवं."

मी खुश झाले. एक पुरणपोळी आणखी घेतली.

एकही नाव मी सांगितलं नव्हतं. शब्द अक्षरशः पाळला होता. कप्पाळ माझं!

बत्हा

निकाल सोमवारी मिळणार होते, म्हणून मी रियाधलाच थांबले. रविवारी दुपारी इक्बालभाईंचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"बाय, तुम्ही रियाधलाच ना? बत्हाला जा. आपली माणसा तिथे आहेत. मीच आणून सोडलो."

बत्हा म्हणजे रियाधच्या पोटातला आपल्याकडचा गुंता. बस, टॅक्सीवाल्यांचे पुकारे, पैसे पाठवायच्या खिडक्यांपुढच्या रांगा, बिर्याणीची कढई, फोनचे खोके, हिंदी, मलयाळी, बंगाली, सगळं एकात एक. इक्बालभाईंनी सांगितलेल्या खानावळीत मी शिरले. भिंतीकडेच्या बाकावर ते बसले होते. दहाजण, पायांशी दोरीने करकचून बांधलेले खोके आणि बॅगा. विमान संध्याकाळचं होतं.

मी जवळ गेले तेव्हा कुणी उठलं नाही. राजापूरचा एक वयस्क माणूस होता, मला पेज वाढून दिली होती तो. त्यानेच सांगितलं, भिंतीकडे बघत.

शनिवारी सकाळी भिकूदादाला हुकूम आला, पेज कोण खातं ते लिहून दे. भिकूदादा म्हणाला, मला लिहिता येत नाही. येतं त्याला. मग संध्याकाळी ऑफिसचा एक माणूस फोन घेऊन मेसच्या दारात उभा राहिला. ज्याच्या हातात पेजेची वाटी, त्याचा फोटो. दहा फोटो. अंगठा उमटवायला कागद तयारच होते. खुरूज.

"मी एकही नाव दिलं नाही हो," मी म्हटलं. माझा आवाज मलाच केविलवाणा वाटला.

"नाव कशाला लागतंय, बाई," तो म्हणाला. "वाटी पुरे झाली."

म्हणजे त्यांना कळलं होतं. त्या ऑफिसच्या माणसानेच फोटो काढताना हसत सांगितलं होतं, तुमच्या डॉक्टरबाईंचीच युक्ती. मी सगळ्यांना चहा मागवला. तो आला, समोर ठेवला गेला. कुणी हात लावला नाही. विमानाची वेळ झाली तेव्हा दहाही जण उठले आणि एकमेकांचे खोके उचलायला लागले. मी एक बॅग धरायला गेले तर एका पोराने ती माझ्या हातातून नम्रपणे काढून घेतली. "राहू द्या," म्हणाला.

दहाच का, हे मला बाहेर रस्त्यावर आल्यावर सुचलं. रमाकांत त्यांच्यात नव्हता. वाटी घ्यायच्या वेळी तो खोलीत बायकोशी बोलत बसला होता, म्हणून फोटोत आला नव्हता, हे मला मागाहून कळलं.

अभिजितला मी तिथूनच फोन लावला आणि बाजारात, भर गर्दीत, जे तोंडाला येईल ते बोलले. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, सिक माणसाला घरच्यांजवळ पाठवलं. यात चूक काय?" मी फोन कापला.

पुन्हा हुफूफ

सोमवारी सकाळीच निकाल घेऊन मी गाडी पकडली. पाण्याचीच कावीळ, अकराही नमुन्यांत. दुपारी मेसमध्ये गेले. कोपऱ्यातली शेगडी नव्हती. भिकूदादा माझ्याकडे पाठ करून भाकऱ्या थापत होता.

आणि दाराच्या समोरच्याच बाकावर रमाकांत जेवत होता. तेलात तळलेले बांगडे, लालभडक कालवण, भाताचा ढीग. सगळ्यांना दिसेल असा बसलेला. हसत होता, शेजाऱ्याला टाळी देत होता. एकेक घास गिळताना मानेची शीर ताठ व्हायची. पोट फिरलेल्या माणसाला तळलेल्या माशाचा नुसता वास सहन होत नाही, आणि हा ते कोंबत होता. गॉगल लावलेलाच.

मी त्याला बाहेर बोलावलं. भिंतीच्या सावलीत उभे राहिलो.

"हॉस्पिटलात चल. आत्ता."

"मला काय झालंय? जेवतोय की."

"रमाकांत!"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. "बाई, हॉस्पिटलात इकामा मागतात. नंबर टाकला की कंपनीला कळतं. दोन दिवस द्या फक्त. उतरत आलीय आता."

"ताप?"

"नाय."

"गेटवर नाही निघत म्हणजे नाही असं होत नाही. गोळ्या घेतोयस का?"

"एखादी," तो म्हणाला.

मला खोटं कळलं. आता ऐका, माझ्या हातात काय होतं ते. एक फोन करायचा अवकाश, अभिजितने त्याला उचलून दवाखान्यात नेलं असतं, आणि बरा झाला की विमानात घातलं असतं. जीव वाचला असता, दार बंद झालं असतं. पण बत्हातली ती माणसं माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. आता याचं नाव मीच द्यायचं? शब्द दिला होता ना मी! त्या शब्दाचा मला एवढा मान, की त्यापायी मी डॉक्टर आहे हे विसरले. मी त्याला दोन दिवस दिले.

दोन दिवसही लागले नाहीत. बुधवारी सकाळी तो भिकूदादाला भावाच्या नावाने हाका मारायला लागला, बूट उलटसुलट घालायला लागला. काविळीत माणूस असा बरळायला लागला की त्याचा अर्थ काय ते मला ठाऊक होतं. इक्बालभाईंनी गाडी अशी हाणली की मी आयुष्यात तशी गाडी पाहिली नाही. मागच्या सीटवर त्याचं डोकं माझ्या मांडीवर. खिसा चाचपला तर तापाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं निघाली, चार का पाच. पहाटे गेटवरचं यंत्र गप्प बसावं म्हणून. आधीच सुजलेल्या यकृतावर.

हॉस्पिटलात त्यांनी कसर ठेवली नाही, हे सांगायला हवं. तिथली एक तरुण डॉक्टर, हुफूफचीच, दोन रात्री त्याच्यापाशी होती. तिने मला विचारलं, हे लपवलं का याने इतके दिवस? रमाकांत शुक्रवारी गेला, बांग होत असताना.

अभिजित आला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, खोटं नव्हतं. मृतदेह घरी पाठवायचे कागद त्याने एका दिवसात केले, इतरांना महिना लागतो. आणि मग मला म्हणाला, "मॅडम, रिपोर्टमध्ये हे गोळ्यांच्या ओव्हरडोसमध्ये येईल ना? काविळीच्या लिस्टवर त्याचं नाव नव्हतंच."

खरंच नव्हतं. माझ्या वहीत होतं.

मी अहवालात सगळं लिहिलं. अकरा रुग्ण, एक मृत्यू, टाकी आणि खड्ड्यातलं अंतर, मेसच्या दारातले फोटो, आणि ती युक्ती कुणाची तेही. तो 'सुधारणेसाठी' परत आला. मी सुधारला नाही. मग दुसऱ्या कुणा डॉक्टरची सही झाली आणि साथ संपल्याचं जाहीर झालं. टाकीचं अप्रूव्हल मी निघेपर्यंत आलं नव्हतं. रुग्णच नाहीत म्हटल्यावर घाई कसली? दमामला सोडायला इक्बालभाईच आले. विमानतळावर त्यांनी खजुराचा डबा हातात ठेवला. "बाय, आता येव नका," एवढंच म्हणाले.

गुहागर

परतल्यावर पंधरा दिवसांनी मी रमाकांतच्या घरी गेले. प्रवासवर्णनात हे बसत नाही, पण माझा प्रवास तिथे संपला. कौलारू घर, पडवीत भाऊ जाळं विणत बसलेला. आखाताचं दार बंद झालेला तोच. त्याने मला बघून जाळं बाजूला केलं आणि आत आवाज दिला.

तिने, म्हणजे रमाकांतच्या बायकोने, चहा आणला. काळीसावळी, किरकोळ अंगाची, डोळे कोरडे. मी येताना एसटीत सगळं ठरवून ठेवलं होतं. त्रास झाला नाही, झोपेतच गेला, शेवटपर्यंत तुमची आठवण काढत होता. डॉक्टर लोक बोलतात ते.

ती समोर बसली. म्हणाली, "आमच्याशी बोलायचे ते गॉगल लावून. मला नाय कळला, मी तेवढी शिकलेली नाय. पण तुम्ही डॉक्टर. तुमच्या समोर होते ते. तुम्हाला पण नाय कळला?"

मी कप खाली ठेवला.

"कळलं होतं," मी म्हटलं.

"मग बोललात का नाय कुणाशी?"

"बोलले," मी म्हणाले. "नको तिथे बोलले. आणि हवं तिथे गप्प बसले."

ती उठली, आणि माझ्या पुढ्यातला अर्धा भरलेला कप उचलून आत घेऊन गेली.